दाविदने वर केलेला हात

तुम्ही मला ओळखत असाल तर स्टेजवरचा माणूस म्हणून. बुद्धपौर्णिमेला पांढरा शर्ट घालून, माईक हातात धरून, गळ्याच्या शिरा ताणून "युद्ध नको, बुद्ध हवा" म्हणणारा—तो मी. लोक टाळ्या वाजवतात. बायका आपल्या पोरांना पुढं ढकलतात, "सरांना जय भीम कर" म्हणतात. आज जे सांगायला बसलोय ते त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नाही. बायकोला नाही. विहारातल्या भंतेजींना नाही. आईला सांगेन सांगेन म्हणत राहिलो, ती गेली. मग तुम्हालाच का? तर तुम्ही मला काही विचारलेलं नाही, म्हणून. मला कुणी समोर उभं राहून विचारलं की मी खोटं बोलतो. हे आता पक्कं कळलंय मला.

आणि मी "सर"बिर काही नाही हो. चाकणच्या कंपनीत मशीनवर उभा राहून आयुष्य गेलं. परभणीकडून बाप आला, पिंपरीत खोली घेतली, मी इथंच वाढलो. सर मला या भाषणांनी केलं.

आधी माझा राग ऐकून घ्या. तो नाही ऐकलात तर पुढचं कळायचं नाही. "शांती" हा शब्द कानावर पडला की हल्ली माझं डोकं सणकतं. रोज टीव्हीवर कुठं ना कुठं बॉम्ब पडतायत, लहान लेकरं ढिगाऱ्याखालून काढतायत, आणि खाली पट्टीवर कुणीतरी साहेब शांतीचं आवाहन करतोय! अरे, तोफा कुणी बनवल्या? ख्रिस्ती देशांत पाद्री सैन्याबरोबर जातात आणि बंदुकीला आशीर्वाद देऊन येतात. आमच्या बौद्ध देशांत तरी काय वेगळं? चीवर घातलेली माणसं दुसऱ्यांची घरं पेटताना बघत उभी राहिलीत, काहींनी तर काडी लावा म्हणून सांगितलंय. आणि इकडं आम्ही स्टेजवर मैत्री, करुणा, मुदिता. च्यायला! पण हा राग मी दुसऱ्यांवर काढतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. मला लांबचे गुन्हेगार फार आवडतात. जवळचा एकच आहे—तो मी.

दाविदचं सांगतो. दाविद साळवे. नेवाशाकडचा, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती. आम्ही एकाच दिवशी कंत्राटी म्हणून लागलो, एकाच बसला चढायचो, एकाच बाकावर बसायचो. पिंपरीहून चाकण म्हणजे ट्रॅफिकमध्ये निम्मी जिंदगी. बाकीचे झोपायचे, आम्ही भांडायचो. पेपरात कुठल्याशा युद्धाची बातमी असायचीच, तिच्यावरून सुरू. दाविद म्हणायचा, मारणाऱ्याला उलटं मारायचं नाही, विषय संपला. प्रभूनं तलवार म्यानात घालायला सांगितली, ती परत काढा असं कुठंच सांगितलेलं नाही. मी उसळायचो. म्हणायचो, दुसरा गाल पुढं करा हे ज्यांनी कधी मार खाल्ला नाही त्यांना शोभतं. आमच्या माणसांनी हजारो वर्षं दोन्ही गाल पुढं केले, काय मिळालं? बुद्धानं अन्यायापुढं मान वाकवायला कधी सांगितलं नाही. एक सेनापती त्याच्याकडं आला होता, त्यानं सरळ विचारलं, की न्यायासाठी लढणं चूक आहे का? बुद्धानं त्याला शस्त्र टाकून रानात जा म्हणून नाही सांगितलं. द्वेष नको, स्वार्थ नको, हे सांगितलं. हे माझं पाठ होतं, मी ते ठासून सांगायचो.

दाविद ऐकून घ्यायचा. मग हळूच विचारायचा, "आणि न्याय कुणाचा ते कोण ठरवणार, मिल्या? तू?"

माझं नाव मिलिंद. मिल्या म्हणणारा तो एकटाच उरला होता.

चिडायचो मी त्याच्यावर. पण खरं सांगू? मला हेवा वाटायचा. तो जे बोलायचा तसाच होता. रविवारी काळेवाडीच्या चर्चमध्ये संडे स्कूल घ्यायचा. लहान पोरांना मांडीवर घेऊन शिकवायचा, की कुणी ढकललं तर ढकलायचं नाही, त्याचं नाव विचारायचं. ही त्याची स्वतःची युक्ती. पोरं खरंच तसं करायची, मी पाहिलंय. त्याची पोरगी एस्तेर तेव्हा चौथीत होती, ती बाकीच्यांवर लक्ष ठेवायची. मी त्याला म्हणायचो, राव, तुला आयुष्यात कुणी नीट हाणलेलंच नाही, म्हणून हे सुचतं. तो हसायचा.

मग संप झाला.

वर्षानुवर्षं राबलेल्या कंत्राटी पोरांना कंपनीनं एका सकाळी गेटवरच थांबवलं, आणि नवीन भरती आत घेतली. आम्ही गेटसमोर बसलो. जालन्याचे, बीडचे, कोकणातले, भोसरीतून येणारे दोन मुसलमान वेल्डर, इथल्याच गावातले काही—"आमी न्हाई उठनार, आमच्याच जमिनीवर कंपनी हाय" म्हणणारे. कमिटी झाली, मी कमिटीत गेलो. कंत्राटदारानं बाउन्सर आणून उभे केले. काळे टी-शर्ट, फुगलेले दंड. तेही आमच्यासारखेच, खेड तालुक्यातली बिनकामाची पोरं, पण तेव्हा कुणाला तसं दिसतंय?

दाविदनं एक पद्धत काढली. रोज सकाळी बसायच्या आधी प्रत्येकानं खिसे उलटे करायचे. डबा उघडून दाखवायचा. पान्हा, स्क्रू ड्रायव्हर, चाव्यांचा जड जुडगा, जे काय असेल ते चहाच्या टपरीवर एका गोणीत टाकायचं. मग ओळीनं उभं राहून दोन्ही पंजे वर करायचे आणि रस्त्याच्या खांबावरच्या कंपनीच्या कॅमेऱ्याला दाखवायचे. रिकामे. तो म्हणाला, आपण मारायला आलो असं उद्या कुणी म्हणायला नको, त्यांच्याच कॅमेऱ्यात आपले हात राहू देत. मग मी पंचशीलातलं पहिलं, जीव न घेण्याचं शील म्हणायचो, दाविद प्रार्थना म्हणायचा, वेल्डर भाईजान आमीन म्हणायचे. पोरं आधी खिदळली. चार दिवसांनी तीच कडक झाली. एकाच्या डब्यात कांदा कापायची सुरी निघाली तर बाकीच्यांनी त्याला दिवसभर फैलावर घेतलं. बायका बघायला यायच्या. पेपरवाला एक फोटो काढून गेला. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. वाटायचं, आम्ही बसमध्ये ज्यावर भांडलो ते इथं आम्ही दोघांनी मिळून करून दाखवलं.

गोणी धरायचं काम माझं होतं. खिसे तपासायचं कामही माझंच.

कळलं का तुम्हाला? सगळ्यांचे खिसे मी बघायचो. माझा खिसा कोण बघणार?

माझ्या खिशात एक नट असायचा. आमच्याच शॉपमधला, रिजेक्ट झालेला, मुठीत मावेल एवढा, चांगला वजनदार. संपाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एका बाउन्सरनं मला टपरीमागं गाठून गचांडी धरली होती आणि माझी जात काढली होती. काय म्हणाला ते इथं सांगत नाही. मी काही केलं नाही, बोललो नाही, कुणाला सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून नट खिशात. ही सबब नाही. त्या पोरांत अशी वाक्यं ऐकलेले माझ्याशिवाय कितीतरी होते आणि त्यांचे खिसे रिकामे होते, मीच तर तपासले होते. रोज सकाळी मी पहिलं शील म्हणायचो, आणि म्हणताना मांडीला तो नट लागायचा. मला बरं वाटायचं त्याच्या वजनानं. त्या पोरांना शिस्त शिकवायची आणि स्वतः असं—याला काय म्हणतात? तुम्हीच सांगा. मला शिव्यांशिवाय शब्द सापडत नाही.

त्या सकाळी नव्या भरतीची बस आली. आम्ही बससमोर बसलो. दाविद पहिल्या ओळीत, मांडी घालून, हात उपडे नाही—उताणे, गुडघ्यांवर. मी मागं पाण्याच्या टँकरपाशी उभा. कमिटीवाला ना मी, लक्ष ठेवायला! बाउन्सर आले. आधी शिव्या, मग ढकलाढकली. एकानं दाविदच्या उघड्या पंजावर बूट ठेवला आणि दाबला. दाविदनं हात काढून घेतला नाही. वर बघून त्याला काहीतरी म्हणाला. ओठ हलले एवढं मी बघितलं. मला खात्री आहे, त्यानं नाव विचारलं असणार.

मग दोघं-तिघं ओळ ओलांडून टँकरच्या दिशेनं निघाले.

इतकी वर्षं मी मनाला समजावत आलो, की दाविदचा हात चिरडताना बघून माझं रक्त उसळलं. मित्रासाठी. अन्यायासाठी. तो सेनापती आणि ते सगळं. खोटं आहे. राग असता तर थोडी तरी इज्जत राहिली असती. मी घाबरलो होतो. ते माझ्याकडं येत होते, आणि हात खिशात गेला. दाविद मला ओळखून होता. त्यानं का कोण जाणे त्याच क्षणी मागं वळून पाहिलं, मला पाहिलं, आणि उठला—अर्धा उठला, हात वर करून, पंजा उघडा. "नको" म्हणत होता. त्याचा तो हात वर असतानाच मी नट फेकला.

एका बाउन्सरचं कपाळ फुटलं. रक्त डोळ्यात उतरलं, तो पोरगा गुडघ्यांवर बसला आणि आईचं नाव घेऊन ओरडला. मग गेटच्या आतून काठ्या आल्या.

मी पळालो. टँकरच्या मागून, नाल्यातून, हायवेला. एका टेम्पोला हात केला आणि नाक्यापर्यंत गेलो. मागं काय चाललंय ते ऐकू येत होतं, तरी गेलो. नंतर सगळ्यांना सांगितलं की पोलिसांना बोलवायला गेलो होतो. शाबासकीही मिळाली त्याबद्दल. पहिल्या ओळीतल्या एकानंही काठीला हात लावला नाही—हे मला इतरांनी सांगितलं, कारण बघायला मी होतोच कुठं? दाविदचं उजवं कोपर मोडलं. ते आजही सरळ होत नाही.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, घाबरला माणूस, हातून झालं. मी पण तेवढ्यावर सुटलो असतो. थांबा.

आठवड्यानं कंपनीनं कमिटीला आत बोलावलं. एसी केबिन, बिस्किटं, चहा. एचआरचे साहेब अगदी गोड. म्हणाले, सगळ्यांना परत घेतो, टप्प्याटप्प्यानं परमनंट करतो, पण आमच्या माणसाचं डोकं फुटलंय, तेव्हा ज्यानं मारलं तो एक माणूस आत येणार नाही. एवढंच. आणि लॅपटॉप आमच्याकडं फिरवला. खांबावरच्या कॅमेऱ्याचं चित्र. धूसर, धूळ उडालेली. बसलेल्या ओळीतून एक माणूस उठतो, हात वर जातो, आणि लगेच बाउन्सर कोसळतो. तोंड कुठल्या बाजूला आहे कळत नव्हतं. मी चित्रात नव्हतोच, टँकरच्या मागं होतो. ज्या कॅमेऱ्याला आम्ही रोज रिकामे हात दाखवले, त्याला तो रिकामा हात नट मारणारा दिसला.

"हा कोण?" साहेबांनी विचारलं.

कमिटीतले सगळे खाली बघत होते. दोघांनी ओळखलं होतं, पण ते मूग गिळून बसले. बाहेर गेटवर दीडशे घरांची भाकर अडकली होती. आणि मी म्हणालो—मोठ्यानं, स्वच्छ आवाजात म्हणालो—"दाविद साळवेसारखा वाटतो."

वाटतो! शब्द बघा माझा.

मला कुणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण नाव आलं नाही तर चौकशी होईल, चौकशी झाली तर टँकरमागं कोण होतं ते निघेल, एवढा हिशोब माझ्या डोक्यात बिस्किट संपायच्या आत झाला.

दाविद हॉस्पिटलमधून आला आणि कंपनीनं त्याची खात्याअंतर्गत चौकशी लावली. आरोप असलेल्या कामगाराला स्वतःच्या बाजूनं बोलायला एक सहकारी घेता येतो. त्यानं कुणाला घेतलं असेल? मला. माझं नाव दिलं त्यानं. मी किती रात्री तळमळलो, की याला माहीत आहे, यानं पाहिलंय, मग मला का? आता कळतं. तो मला जागा करून देत होता. उभं राहायला. बसमध्ये आम्ही जे काही बोललो, माझा तो सेनापती, माझा तो न्याय—ते सगळं त्या खोलीत एका वाक्यात करून दाखवता आलं असतं.

चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं, हात का वर केला? दाविद म्हणाला, थांबवायला. कुणाला थांबवायला? दाविदनं प्लास्टर घातलेला हात मांडीवर नीट ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. उगाच नाही बोलत, रागानं पाहिलं असतं तर मी कदाचित बोललोही असतो.

"ते ज्याचं त्यानं सांगावं," दाविद म्हणाला.

अधिकाऱ्यानं मला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का? मी उठलो. माझं बोलणं चांगलं, हे तर सगळेच म्हणतात. मी म्हणालो, साहेब, माणूस चांगला आहे, धार्मिक आहे. पण हातावर बूट पडल्यावर कुणाचाही तोल जाईल. रागाच्या भरात एक चूक झाली. तथागतांनी खुनी माणसालाही जवळ घेतलं, आपणही करुणेनं विचार करावा.

ऐकलंत? मी त्याच्या बाजूनं उभा राहून, त्याच्या तोंडासमोर, त्यानं न केलेला गुन्हा त्याच्या वतीनं कबूल केला. आणि वर बुद्धाची करुणा मागितली. रोज पाचही शीलं म्हणणारा माणूस मी, खोटं न बोलण्याचंही त्यात आहे. माझ्या तोंडून बुद्धाचं नाव त्या दिवशी जसं वापरलं गेलं तसं कुठल्या शत्रूनंही वापरलं नसेल. बाहेर आल्यावर दाविद जिन्यात म्हणाला, "चल, घरी सोड, मला एका हातानं बसमध्ये चढता येत नाही." मी त्याला रिक्षा करून दिली आणि आत परत गेलो, सह्या बाकी होत्या.

नोकरी गेली. त्या बाउन्सर पोरानं पोलिसात दिलेली केस राजगुरुनगरच्या कोर्टात चालली, तारखांना दाविद एकटा जायचा. पुढं फिर्यादी पोरगाच यायचा बंद झाला आणि केस विझली, पण निर्दोष वगैरे काही नाही. दाविदनं काळेवाडीत पिठाची गिरणी टाकली, वाकड्या हातानं पोती उचलतो. या सगळ्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नव्हतं. त्याला लागलं ते वेगळंच. चर्चच्या मंडळींनी त्याला संडे स्कूल सोडायला सांगितलं. मुलांसमोर बरं दिसत नाही म्हणाले. ज्या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट शिकवली, त्यालाच. त्याची चेष्टा व्हायला लागली, की आमच्या दाविदनं पण बायबलातल्या दाविदासारखी गोफण फिरवली. बायको, मार्था वहिनी, ती सुद्धा एकदा मला म्हणाली, "भाऊजी, मारला तर मारला, निदान कबूल तरी करायचा होता." दाविद म्हणत राहिला की मी मारला नाही. सारखं नाही, कुणी विचारलं तरच, एकदाच, शांतपणे. हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं. त्याच्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस उरलं. एस्तेर. शाळेत कुणी काही बोललं तर ती ताडकन सांगायची, पप्पांनी नाही म्हटलंय म्हणजे नाही.

आणि मी? मी परमनंट झालो. फ्लॅट घेतला. आणि भाषणं द्यायला लागलो. काय निर्लज्जपणा असतो बघा माणसात! माझं आवडतं भाषण कुठलं माहीत आहे? रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय युद्धाला उठले, तेव्हा भर सभेत एकटा सिद्धार्थ उभा राहिला आणि म्हणाला, युद्ध नको. बहुमत विरुद्ध गेलं. घरच्यांवर आच येऊ नये म्हणून सगळी शिक्षा त्यानं स्वतःवर घेतली आणि घर सोडलं. हे सांगताना माझा आवाज भरून येतो, लोक डोळे पुसतात. अहो, तो माणूस काळेवाडीत दळण दळतोय! आणि मी कोण, ते दाविदच्याच बायबलमध्ये आहे. येशूला धरायला आले तेव्हा पेत्रानं तलवार उपसून एकाचा कान कापला, आणि सकाळ व्हायच्या आत म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. लोकांना वाटतं तलवार काढणारा शूर आणि ओळख नाकारणारा भित्रा. एकच माणूस होता तो. पण पेत्र नंतर रडला तरी म्हणे. मी नाही रडलो. मी हार घालून घेतले.

गेल्या वर्षी पिंपरीत एका हॉलमध्ये कार्यक्रम झाला. टीव्हीवर युद्धाच्या बातम्या जोरात होत्या, म्हणून काही चांगल्या माणसांनी ठेवला होता—युद्धाबद्दल बौद्ध काय म्हणतात, ख्रिस्ती काय म्हणतात. बौद्धांकडून मी. ख्रिस्ती बाजूनं एक तरुण पाळक आला होता, नवीन, तळमळीचा. तो बोलता बोलता म्हणाला, युद्ध लांब नसतं, ते आपल्या हातात असतं. आमच्याच मंडळीत एक भाऊ होते, मुलांना शांती शिकवायचे, आणि एका रागाच्या क्षणी त्यांनी एका तरुणाचं डोकं फोडलं. नाव घेतलं नाही त्यानं. गरज काय होती? शेवटच्या रांगेत दाविद बसला होता, शेजारी एस्तेर. अर्धा हॉल मागं वळला.

त्याच्यानंतर माईक माझ्याकडं आला. माझ्या हातात माईक, समोर दाविद, तीनशे माणसं गप्प. यापेक्षा जास्त सोपं कुणी काय करून द्यायचं? मी म्हणालो, पाळक साहेबांनी फार मोलाचं उदाहरण दिलं. आणि रोहिणी नदीवर गेलो.

कार्यक्रम संपल्यावर पार्किंगमध्ये एस्तेर आली. आता मोठी झालीये, नर्सिंग करून सांगवीत एका दवाखान्यात लागलीये. लहानपणी माझ्या खांद्यावर बसलेली पोर. दाविद लांब गाडीपाशी उभा होता, आमच्याकडं पाठ करून.

"काका, तुम्ही तिथं होतात. पप्पा मला नेहमी म्हणतात की त्यांनी नाही मारला. मी आजपर्यंत सगळ्यांशी भांडत आले. तुम्ही एकदा सांगा, मी परत कधीच कुणाला विचारणार नाही. पप्पांनी मारला होता का?"

कंपनी नव्हती. पोलीस नव्हते. कमिटी नव्हती. माझी नोकरी संपत आलेली, काय जाणार होतं माझं? हे टाळ्या वाजवणारे लोक? तेवढंच. तेवढ्यासाठी मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "बाळा, राग माणसाला येतोच. तुझे पप्पा वाईट नाहीत."

तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. ती हो म्हणाली आणि गेली. दाविदनं तिच्यासाठी गाडीचं मागचं फूटरेस्ट उघडून दिलं.

त्यानंतर महिन्याभरानं ती मला पिंपरीच्या मंडईत भेटली. युनिफॉर्मवरच होती, ड्युटी संपवून आलेली. मी तोंड चुकवणार होतो, पण तीच हाक मारत आली. खुशीत होती म्हणाल तर नाही, पण हलकी वाटली. पिशवी खाली ठेवून म्हणाली, "काका, मी खूप प्रार्थना केली. परवा जेवताना पप्पांना सांगितलं, की मला सगळं कळलंय, आणि मी तुम्हाला मनापासून माफ केलंय."

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही. ताटावरून उठले." तिनं पिशवी उचलली. मग म्हणाली, "थँक्यू काका. आमच्या घरात कुणी बोलतच नाही. तुम्ही तेवढे खरं बोललात."

मी म्हणालो, "चांगलं केलंस, बाळा."